गोव्याच्या नंबरावरून येणारा बर्फ

१९ मार्च २००६, रविवार

जहाज परत निघालं. प्रतिभा तिकडेच राहिली.

म्हणजे आता नोव्हेंबरपर्यंत तिथून कुणी निघायचं नाही आणि तिथे कुणी पोचायचं नाही. समुद्रच गोठतो म्हणे. फोनवर हे असं सांगत होती, जसा काही इथे भोपाळात बरखेड्याचा रस्ता खोदलाय आणि पिपलानीवरून वळसा घ्यावा लागणार आहे. पंचवीसेक माणसं, त्यात बाया दोन. पृथ्वीच्या पार खाली, दक्षिण ध्रुवाच्या अंगाला, बर्फात एक घर बांधलंय सरकारनं, त्यात राहायचं. कशाला — तर बर्फ मोजायला!

विनायक फोनवर आला नाही. टीव्हीचा आवाज वाढवला. पोरगी स्टेशनवरून निघाली त्या दिवशी तिच्यासमोरच मला म्हणाला होता, ‘आई, तू हिची बाजू घेतलीस. तिकडे हिला काही झालं तर जबाबदार तू.’ मी म्हटलं, बरं, मी. त्यात काय एवढं.

बाजू काही मायेनं घेतली नव्हती. अरेरा कॉलनीतलं स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत. त्याच्या आईनं आमच्याकडे चहा घेण्याआधी कपाची कड बोटानं पुसून बघितली. असल्या घरात देण्यापेक्षा नात बर्फात गेलेली परवडली, असं मी म्हटलं. रागात म्हटलं. ही लगेच बॅग भरायला लागली. आता शब्द मागे कसा घेणार.

२६ मार्च, रविवार

फोन आला. रविवारी तिची फोनची पाळी असते, थोडंच बोलता येतं, मागे रांग असते.

विचारलं, मोजतेस म्हणजे काय करतेस? टेप लावतेस? तर हो म्हणाली, टेपच. त्यांच्या घरापासून जवळ बर्फाचा एक मोठा थर डोंगरावरून उतरत येऊन थांबलाय. त्याला कड आहे, भिंतीसारखी. समोर खडक. आधीच्या लोकांनी खडकावर रंगानं खूण करून ठेवलीय. दर वर्षी खुणेपासून कडेपर्यंत मोजायचं. दर वर्षी अंतर थोडं वाढतं. म्हणजे बर्फ मागे हटतोय.

मी म्हटलं, आणि खूणच कुणी सरकवली असली तर?

‘आजी, खडक आहे तो. खडक कोण सरकवणार?’

मी म्हटलं, आमच्या शेजारच्या सुहासिनीच्या नवऱ्याची कुंपणाची मेंदीसुद्धा जागची हलत नव्हती. तरी दर पावसाळ्यात आमच्या बागेत हातभर जास्त यायची.

हसली. मागे रांगेतलाही कुणी हसला. म्हणजे बोलणं सगळे ऐकतात. पुढच्या वेळी जपून.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड बाजारचं. सुनेला, मंगलाला, विचारलं, घरी का नाही केलंस? म्हणाली, ‘खाणारी कुठे आहे, आई.’ विनायक आणि मी माणसात नाही वाटतं.

२ एप्रिल, रविवार

आज हवेची गोष्ट सांगितली.

पोकळ बरमा लावून बर्फ खोल खणतात आणि मुळ्यासारखा लांबच लांब दांडा वर काढतात. तिकडच्या उन्हाळ्यात काढले तसे, पेट्यांत घालून त्याच जहाजानं पाठवले. जपून ठेवायचे, वितळू द्यायचे नाहीत. एका वर्षीचा बर्फ, त्यावर दुसऱ्या वर्षीचा, खालचा दबत जातो आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात. जितकं खाली जावं तितकी हवा जुनी. पेशव्यांच्या वेळचीसुद्धा मिळते म्हणाली. ती तपासली की कळतं, माणसानं कोळसा जाळायला घेतल्यापासून हवेत कुठलासा वायू किती वाढलाय. तो वायू पांघरुणासारखा बसतो, पृथ्वीची गरमी बाहेर जाऊ देत नाही. दिसत नाही, वास नाही.

भोपाळच्या बाईला शिकवते, हवेत काय आहे ते दिसत नाही म्हणून! मी म्हटलं, बाई गं, चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरपासून या शहरात हवेवर कुणाचा विश्वास नाही. तेव्हाही सकाळी लोक सांगत फिरत होते की आता काही नाही, सगळं ठीक आहे.

‘तेच तर म्हणते आजी. सांगणाऱ्याचं सोड. ही हवा बंद होती, तिला कुणी हात लावलेला नाही. ती खोटं बोलत नाही.’

ऐकायला छान वाटतं. छान वाटलं की मला शंका येते.

जेवताना विनायकला सांगितलं, कोळशामुळे होतंय म्हणे सगळं. त्यानं ताट सरकवलं. आमच्या कारखान्यात विजेची मोठी यंत्रं बनतात, बहुतेक सगळी कोळशाच्या वीजघरांसाठी. विनायकच्या वडिलांनी नागपूर सोडून इथे येऊन लेथवर जन्म काढला, आता विनायक तिथेच. म्हणाला, ‘मी वितळवला का तिचा बर्फ? ती शिकली ते कशावर? रात्रभर दिवा जाळून अभ्यास करत होती, तो दिवा कशावर जळत होता?’ मंगला म्हणाली, तसं नाही हो म्हणत ती. विनायक म्हणाला, तसंच म्हणतेय.

मला विचाराल तर दोघांचंही खरं असेल. पण हे इथेच राहू दे. तोंडावर कुणालाच म्हणणार नाही, दोघंही चढून बसतील.

९ एप्रिल, रविवार

फोन नाही.

१२ एप्रिल, बुधवार

अजून नाही. मंगला म्हणते वादळ असेल. विनायक म्हणतो, आपल्याला काय करायचंय — आणि कारखान्यातून आला की फोनच्या खोलीतून हलत नाही.

करोंदच्या मंडीतून वर्षाचा गहू आला. निवडायला बसले. दाणा यंदा बारीक, सुरकुतलेला. आणणारा म्हणाला, ‘अम्मा, फरवरी में ही मई लग गई, दाना भरा ही नहीं.’ त्यालाही ध्रुवावर धाडावं.

१८ एप्रिल, मंगळवार

फोन. मंगळवारी! भर दुपारी!

आवाज बारीक, घशातून ओढून काढल्यासारखा. वादळात अँटेना बिघडली होती म्हणाली. बरं. पुढे म्हणाली, ‘आता मी मधूनमधून करीन आजी. आता वेळ असतो मला.’ मागे रांगेचा गलका नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही.

गेल्या महिन्यापर्यंत हिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आता कुठून आली? मोजायचा बर्फ संपला?

मंगला डोळे पुसत हसत होती. मी हसले नाही.

२४ एप्रिल, सोमवार

विनायकनं नवा फोन आणलाय, नंबर दिसणारा. जुन्याची वायर सैल झाली होती म्हणतो. वायरीला काही झालं नव्हतं. याला न उचलता बघायचं असतं, पोरीचा फोन येऊन गेला का.

सुहासिनी गप्पा मारायला आली होती तेव्हाच तो वाजला. ही ग्वाल्हेरची, शाळेत शिकवायची, आता रिटायर होऊन मोहल्ल्याचा हजेरीपट सांभाळते. मी बोलत होते तोवर चष्मा पुसून पुसून फोनवरचा नंबर वाचला. मी ठेवल्यावर म्हणाली, ‘शशिकलाताई, ये तो गोवा का कोड है. माझा भाचा तिथे नेव्हीत आहे, त्याचा फोन याच कोडवरून येतो.’ मग आवाज खाली आणून, ‘काही झोल तर नाही ना?’

डोळ्यांत काय तो आनंद! नवऱ्यानं मेंदी सरकवली, ही नाक सरकवते.

पण कोड तर गोव्याचाच आहे.

२६ एप्रिल, बुधवार

सरळ विचारलं. म्हणाली, इथून फोन आकाशात जातो, उपग्रहावर. तिथून गोव्याच्या ऑफिसात उतरतो. तिथून तारेनं तुझ्याकडे. म्हणून गोव्याचा नंबर दिसतो. अडखळली नाही. पाठ असल्यासारखं सांगितलं.

सोय चांगली आहे. माणूस गोव्यात असलं तरी गोव्याचा नंबर, नसलं तरी गोव्याचा नंबर.

३ मे, बुधवार

ही पोरगी पिपलानी मार्केटातून कोथिंबीर घेऊन आली तरी आठ गोष्टी सांगायची. कुणाची स्कूटर कुठे घसरली, कोण कुणाशी भांडलं. आता पृथ्वीच्या टोकाला बसलीय आणि तीच ती गोष्ट दोनदा सांगते! कडेवर गेले, वारा होता, टेप फडफडत होती, मिशांना बर्फ लागलेले दोघं होते बरोबर. हे मार्चमध्ये ऐकलं होतं. आज पुन्हा, शब्दाला शब्द. मी मधेच विचारलं, काल काय केलंस? थांबली. मग म्हणाली, ‘तेच गं. मोजलं.’

आणि आज पुरुषाचा आवाज ऐकला. अगदी जवळून. ‘बस करो अब, थक जाओगी.’

कोण गं हा? म्हणाली, डॉक्टर आहेत आमचे. सगळ्यांना असंच दटावतात.

बसल्या जागी फोनवर बोलून कोण थकतं? आणि बिनलग्नाच्या मुलीला इतक्या हळू आवाजात दटावणारा हा कोण?

७ मे, रविवार

ऊन असं की कूलरचं पाणीही गरम. गच्चीवर बटाट्याचा कीस घातला, तो सकाळी घातला की दुपारी वाळून कडकडीत. पूर्वी दोन दिवस लागायचे. हे मी प्रतिभाला सांगणार नाही. लगेच म्हणेल, बघ.

हात चालू होते आणि डोकंही. मनात मांडणी केली ती अशी. पोरगी गेली जरूर, पण जहाजावर चढलीच नाही, नाहीतर त्याच जहाजानं परत आली. गोव्यात आहे. एकटी नाही. तो डॉक्टर आहे किंवा डॉक्टर नाही. घरी कळलं तर विनायक उभी करणार नाही म्हणून बर्फाची गोष्ट लावलीय.

विनायकला सांगितलं तर आग लागेल. त्याचा स्वभाव मला माहीत आहे, एकदा ‘येऊ नकोस’ म्हणाला की म्हणाला. पोरीला हे घर बंद होईल. नाही सांगितलं आणि उद्या सुहासिनीच्या भाच्यानं तिला तिथल्या बाजारात पाहिलं, तर? हिची जबाबदारी मी घेतलीय. सगळ्यांसमोर.

पक्कं कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

१४ मे, रविवार

युक्ती सुचली.

मंगळवारी अंगारकी आहे. प्रतिभा अंगारकीचा उपास करते. भक्तीबिक्ती काही नाही. बारावीच्या वेळी घाबरली होती, तेव्हा मीच करायला लावला, पास झाली, आता सोडायची भीती वाटते. शास्त्रज्ञ!

उपास सोडायचा चंद्र उगवल्यावर. आमच्या कॅलेंडरात मागच्या पानावर गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा असतात, गोव्याचीही आहे. गावागावात इतका फरक, तर पृथ्वीच्या बुडाशी वेळ पार निराळी असणार. तिला विचारायचं, तुझ्याकडे चंद्र किती वाजता उगवला. गोव्याची वेळ सांगितली की संपलं.

मला चौथीतून काढलं म्हणून काय झालं!

१६ मे, मंगळवार

अंगारकी. मोदक मंगलानं बरे केले. चंद्र लाल आला, धुळीतून. हात जोडले, जेवले. तिचा फोन उद्या येईल.

१७ मे, बुधवार

आला.

मी आधी इकडचं तिकडचं बोलले. मग सहज विचारल्यासारखं, काय गं, काल उपास कधी सोडलास? चंद्र कधी उगवला तुझा?

ती म्हणाली, ‘अगं तीच तर गंमत झाली! इथे चंद्र मावळतच नाहीये. परवापासून नुसता गोल फिरतोय, खिडकीतून जातो, पुन्हा येतो. उगवायची वाट बघत बसले असते तर आठवडाभर उपाशी! शेवटी मनानेच सोडला.’

मी फोन ठेवला. तिचं बोलणं चालू होतं तरी ठेवला.

गोव्याची वेळ सांगितली असती तर कदाचित दयाही आली असती. हिनं वेळच सांगितली नाही. कॅलेंडर बघायचे कष्टही घेतले नाहीत. चंद्र मावळत नाही म्हणे! लग्न होऊन आले तेव्हापासून मी उपाशी पोटी त्याच्याकडे डोळे लावून बसते. ढगात दडलेला पाहिलाय, उशिरा येणारा पाहिलाय. मावळायला नाही म्हणणारा कधी ऐकला नाही. म्हाताऱ्या बाईला काहीही सांगावं, तिला काय कळतं!

संध्याकाळी विनायक कारखान्यातून आला. चहा दिला आणि सगळं सांगितलं. कोड, डॉक्टर, चंद्र. मंगला दारात उभी राहून नाही नाही अशी मान हलवत होती. विनायकनं चहा तसाच ठेवला. एवढंच म्हणाला, ‘मी जाऊन बघतो.’

१९ मे, शुक्रवार

विनायक गोवा एक्सप्रेसनं गेला. गोव्याच्या ऑफिसला आधी फोन करू या, असं मंगला म्हणत होती. तो म्हणाला, फोन केला की ते सावध होतील. या बाबतीत माझ्यावर गेलाय.

डबा घेतला नाही. दारातून मला म्हणाला, ‘खरं निघालं तर ती पुन्हा या घरात येणार नाही. आणि तू मधे पडायचं नाहीस.’

मी म्हटलं, नाही पडणार. मीच सांगितलं म्हटल्यावर मधे कुठून पडणार.

२० मे, शनिवार

दुपारी फोन वाजला. गोव्याचा नंबर. मी उचलला नाही. मंगला शाळेसमोरच्या दुकानात गेली होती. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला.

सुहासिनी कुंपणापाशी आली, ‘विनायक टूर पे गया है क्या?’ मी म्हटलं, हो, टूरवर. ‘अच्छा,’ म्हणाली, आणि जागची हलली नाही. मी मेंदीवर पाणी मारलं, तिच्या साडीवर उडालं.

२२ मे, सोमवार

विनायकचा फोन.

‘आई, ती तिथेच आहे.’

कुठे तिथेच?

‘तिकडेच गं. बर्फात. फोन खरंच आकाशातून येतो. मी ती खोली बघितली, यंत्रं बघितली. माझ्यासमोर लावून दिला.’

आणि चंद्राचं काय, म्हटलं. तर तेही तिथल्या साहेबांनी कागदावर गोल काढून समजावलं म्हणाला. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही ना, तसा थंडीत पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र काही दिवस मावळत नाही. आता सूर्य दोन महिने उगवायचाच नाही.

म्हणजे मी तोंडावर पडले. ठीक आहे, पडले.

पण विनायक ओरडला का नाही? माझ्या सांगण्यावरून दीड दिवस गाडीत बसून गेला, परक्या ऑफिसात आपल्या मुलीची चौकशी करून तोंड काळं करून घेतलं, आणि मला एक शब्द नाही? उलट म्हणाला, ‘तू जेवलीस का?’ हा मुलगा मला जेवलीस का असं कधी विचारतो?

२६ मे, शुक्रवार

आला. काजू आणले, भरपूर. कुणी मेल्यासारखा हळू चालतो घरात.

प्रतिभाचा फोन आला तर धावत जाऊन त्यानंच उचलला. ती गेल्यापासून पहिल्यांदा! आणि काय बोलला — बर्फाबद्दल. ते बुडबुडे कसे मोजतात, किती वाढलाय तो वायू, आमची यंत्रं आता पूर्वीपेक्षा कमी कोळसा खातात, ते धरलंय का तुम्ही हिशेबात. भांडण नाही. विचारत होता, ती सांगत होती, हा हं हं करत होता. ठेवताना म्हणाला, ‘डॉक्टर सांगतील तसं कर.’

मी तिथेच होते. मी म्हटलं, कसला डॉक्टर? काय सांगतात?

‘थंडी असते ना,’ म्हणाला, आणि अंघोळीला गेला. सकाळी अंघोळ झाली होती त्याची.

पोरीवरचा माझा संशय उतरला. आता तो या दोघांवर. मंगला कालपासून स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.

२८ मे, रविवार

विनायक गोविंदपुऱ्याला कुणाकडे गेला होता. लोणच्याच्या कैऱ्या घेऊन मी मंगलासमोर बसले. मी पुसत होते, ती चिरत होती. म्हटलं, मंगला, तू खोटं बोलतेस तेव्हा डावीकडे बघतेस. लग्न झालं तेव्हापासून. आता माझ्याकडे बघ आणि सांग.

तिनं विळी आडवी केली आणि सांगितलं.

एप्रिलच्या सुरुवातीला प्रतिभा कड मोजायला गेली होती. पाय घसरून खाली खडकावर पडली. मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून खाटेवर आहे. पायाला वजन बांधून ठेवलंय. जहाज नाही, विमान नाही, आणायची सोयच नाही नोव्हेंबरपर्यंत. तिथल्या एका डॉक्टरानं जमेल तसं बसवलंय, नीट जुळतंय म्हणतो. फोन खाटेजवळ आणून दिलाय. म्हणून रांग नाही. म्हणून नवीन गोष्टी नाहीत. कड आता दुसरी माणसं मोजतात, संध्याकाळी येऊन तिला आकडे सांगतात, ती पडल्या पडल्या लिहून घेते.

ऑफिसला तिनंच सांगून ठेवलं होतं, घरी कळवायचं नाही. विनायक दारात जाऊन उभा राहिला, आरडाओरडा केला, तेव्हा त्यांना सांगावं लागलं.

का कळवायचं नाही, मी विचारलं.

मंगला म्हणाली, ‘ती म्हणाली म्हणे, बाबा आजीला बोलतील.’ मग म्हणाली, ते ऐकल्यावर आमचे हे तिथे ऑफिसच्या बाहेर बाकावर कितीतरी वेळ बसून होते. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलंय. म्हणाले, ‘आई स्वतःला दोष देईल.’

मोठा आला! मी का दोष देऊन घेईन. त्या कपवाल्या बाईच्या घरात हाड मोडलं नसतं याची काय खात्री.

मी म्हटलं, चिर कैऱ्या. आणि तू मला काही सांगितलेलं नाहीस.

म्हटलं, विनायकलाही नाही आणि पोरीलाही नाही. मला काही माहीत नाही. समजलं?

फोडी आज फार मोठ्या झाल्या.

१ जून, गुरुवार

प्रतिभाचा फोन. म्हणाली, ‘आजी, काल कडेपर्यंत जाऊन आले. मागच्या वर्षीपेक्षा आणखी मागे गेलीय.’

मी विचारलं, अंधारात? चालत?

‘चालतच. टॉर्च घेऊन. दुसरं काय आहे इथे.’

म्हटलं, सांग बरं, कशी गेलीस.

मग सांगत बसली. वारा, दोरी, बुटांचा आवाज, कोण पुढे, कोण मागे.

बर्फ मागे गेला ते खरं असणार. ती चालत गेली ते खोटं. शेवटपर्यंत ऐकलं.